टेबलावर न मावणारे अल्बम: काळी पानं, चिकटवह्या आणि करिझ्मा घरच्या घरी डिजिटल करताना

आमच्या आत्याच्या लग्नाचा अल्बम उघडला की अडीच फूट जागा खातो. जाड काळ्या कागदाची पानं, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला पातळ कागद, कोपऱ्यांत खोचलेले फोटो, आणि कडेच्या दोन भोकांतून ओवलेली गोंड्याची दोरी. फोटोंच्या खाली आत्यानं पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलंय. एका ठिकाणी ‘सीमांतपूजन’, दुसऱ्या ठिकाणी नुसतंच ‘दादा रडला तेव्हा’. एका पानावर चार रिकामे कोपरे आहेत. त्यातला फोटो कुणी काढून नेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

असाच एक अल्बम आम्ही आधी एका दुकानात स्कॅन करायला दिला होता. आठवड्यानं पेन ड्राइव्ह मिळाला. त्यात सुटे सुटे फोटो, नेटके कातरलेले, क्रमांक घातलेले. पण मजकूर नाही, पानांचा क्रम नाही, आणि परत आलेल्या अल्बममधले निम्मे कोपरे फाटलेले. फोटो मिळाले, अल्बम गेला. तेव्हापासून माझा नियम एकच: आधी अख्खं पान, मग त्यातला फोटो. फोटो पानावरून सोडवायचा नाही. पुढचं सगळं या नियमाभोवती फिरतं.

आधी हातात काय आहे ते ओळखा

मराठी घरांत मोठ्या मापाचे साधारण चार प्रकार सापडतात. पहिला वर सांगितलेला काळ्या पानांचा. दुसरा, सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरोघरी आलेला चिकट पानांचा अल्बम, ज्यात पानावर गोंदाचे पट्टे असतात आणि वरून पारदर्शक प्लास्टिक बसतं. तिसरी चिकटवही: वर्तमानपत्रातली कात्रणं, नाटकाची तिकिटं, लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, सगळं डिंकानं किंवा खळीनं चिकटवलेलं. चौथा करिझ्मा, म्हणजे गेल्या वीसेक वर्षांतल्या लग्नांचा जाड पुठ्ठ्याच्या पानांचा अल्बम, ज्याचं उघडलेलं जोडपान १२ बाय ३६ इंचांचंही असतं.

करिझ्माचं आधीच उरकून टाकतो. तो मुळात संगणकावरच तयार झालेला असतो. म्हणून कॅमेरा काढण्याआधी स्टुडिओला फोन करा आणि मूळ फाइली मागा. फाइली मिळाल्या तर दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत होतं. नाही मिळाल्या तर पुढे तुकड्यांची युक्ती सांगितली आहे.

केव्हा करायचं

पावसाळ्यात नाही. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगून मऊ पडतो आणि काचेला, प्लास्टिकला किंवा समोरच्या फोटोला चिकटतो. दिवाळी उरकल्यावर ते शिमग्यापर्यंतचा काळ आपल्याकडे उत्तम.

अर्थात, म्हणून काम वर्षानुवर्षं पुढेही ढकलू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला जो पूर आला, त्यात खालच्या मजल्यांवरची कपाटं अल्बमांसकट पाण्यात गेली. त्या वेळी अनेकांनी ओले अल्बम तसेच उन्हात ठेवले, आणि वाळता वाळता फोटो एकमेकांना कायमचे चिकटले. कधी अशी वेळ आलीच तर फोटो ओले असतानाच हलक्या हातानं वेगळे करा, स्वच्छ गार पाण्यातून काढा आणि सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून वाळवा. फोटो पानावरून सोडवायचा नाही हा नियम त्या दिवसापुरता बाजूला. सगळे एका दिवसात होणार नसतील तर उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला फोटो थांबतो, भिजत पडलेला थांबत नाही.

साफसफाई, तीही बेतानं

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. तेल, क्रीम, अत्तर काही नको. पांढरे सुती हातमोजे चित्रात छान दिसतात, पण त्यांचे धागे कागदी कोपऱ्यांत अडकतात. पानं उलटायला स्वच्छ हातच बरे, आणि फोटोच्या पृष्ठभागाला हात लावायची वेळ आलीच तर डॉक्टर वापरतात तसे नायट्राइलचे मोजे घाला.

धूळ मऊ, कोऱ्या ब्रशनं मधून कडेकडे झटका. कॅमेऱ्याची रबरी फुंकणी असेल तर आणखी चांगलं. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण उडतात आणि त्यांचे डाग पडतात. ओलं फडकं आणि काच पुसायचा फवारा या दोन गोष्टी त्या खोलीतच नकोत. पांढरी भुकटी किंवा तंतू दिसले तर ती बुरशी असते. तो अल्बम वेगळ्या पिशवीत ठेवा, मास्क लावा, आणि इतर सगळे संपल्यावर शेवटी घ्या. पुसायला गेलात तर जिलेटिनसकट चित्र निघेल.

पानांना क्रमांक, गाठीला फोटो

दोरीचा अल्बम असेल तर दोरी सोडता येते, आणि सुटं पान सपाट पडतं. ही मोठी सोय आहे. पण सोडण्यापूर्वी गाठीचा आणि गोंड्याचा दोन बाजूंनी फोटो काढून ठेवा. मग प्रत्येक पानात कागदाची चिठ्ठी घालून क्रमांक द्या. पानावर लिहायचंच असेल तर आतल्या कडेला मऊ पेन्सिलीनं, काळ्या पानावर पांढऱ्या पेन्सिलीनं. बॉलपेन अजिबात नको.

शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या बांधणीला हात लावू नका. असा अल्बम सपाट उघडायचा हट्टही नको, पाठ मोडते. एक बाजू सपाट ठेवा आणि दुसरी बाजू उशीला टेकवून तिरकी उभी करा. टेकलेल्या बाजूखाली मी दोन पाट आणि वर घडी घातलेली चादर ठेवतो. पानं उलटत गेलं की उजवीकडची उंची कमी होते, म्हणून खाली जुन्या मासिकांची चळत ठेवायची आणि दर पाच-सहा पानांनी एक मासिक वाढवायचं. पान कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर राहतं.

आणखी एक वेळ वाचवणारी गोष्ट: आधी सगळ्या उजव्या पानांचे फोटो घ्या, मग अल्बम फिरवून सगळ्या डाव्यांचे. दर पानाला मांडणी बदलत बसलात तर संध्याकाळपर्यंत दहा पानंसुद्धा होत नाहीत.

स्कॅनर की कॅमेरा?

घरच्या स्कॅनरची काच ए-फोर, म्हणजे साडेआठ बाय पावणेबारा इंच. आत्याच्या अल्बमचं पान १५ बाय १२. ते तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून जोडता येतं, पण त्यासाठी पान चार वेळा उपडं घालावं लागतं, आणि खोचलेले फोटो प्रत्येक वेळी सटकतात. शिवाय हल्लीचे पातळ, हलके स्कॅनर बहुतेक सीआयएस पद्धतीचे असतात. काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर गेलेली गोष्ट त्यांना धूसर दिसते. चिकटवहीत घडी घातलेलं कात्रण आणि त्यावर पत्रिका म्हटलं की तेवढा उंचवटा आलाच. जाडजूड, सीसीडी पद्धतीचा स्कॅनर हा उंचवटा बराच सांभाळून घेतो.

माझं मत असं, की मोठ्या पानाला कॅमेरा आणि पानावरच्या बारक्या, सपाट, सुट्या फोटोला स्कॅनर.

गणित सोपं आहे. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० ठिपके टिपतो. १५ बाय १२ इंचाचं पान थोडी मोकळी कड सोडून चौकटीत बसवलं की इंचाला ३०० ठिपके पडतात. मूळ आकारात छापायला आणि मजकूर वाचायला एवढे पुरेत. करिझ्माचं ३६ इंची जोडपान एकाच चौकटीत घेतलं तर तेच प्रमाण १६०च्या आसपास घसरतं. म्हणून ते दोन तुकड्यांत घ्या, मध्ये दोन इंच तरी दोन्हीकडे सामाईक येऊ द्या. कॅमेरा हलवायचा नाही, पान सरकवायचं. उजेड आणि अंतर तसंच राहतं आणि जोड दिसत नाही. जोडायला हगिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, फोटोशॉपमध्येही सोय आहे.

जुन्या अल्बममध्ये सव्वादोन इंची चौकोनी फोटो हमखास असतात, आग्फा क्लिक-३सारख्या कॅमेऱ्यांतल्या फिल्मवरून त्याच मापात छापलेले. पानाच्या चित्रात त्यांच्या एकेका बाजूच्या वाट्याला जेमतेम ६७५ ठिपके येतात. त्यातले चेहरे मोठे करून बघायचे असतील तर पान झाल्यावर दुसऱ्या फेरीत तेवढेच जवळून टिपा. नियमाला इथे थोडी सूट: कोपऱ्यांतून अलगद निघत असतील तर स्कॅनरवर १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) घ्या आणि लगेच जागेवर परत ठेवा. निघत नसतील तर राहू द्या.

मांडणी: आरसा, पेन्सिल आणि दोन दिवे

कॅमेरा पानावर सरळ खाली बघणारा हवा. ट्रायपॉडचा मधला दांडा आडवा होत असेल तर काम सोपं. नसेल तर दोन टेबलांवर भक्कम फळी आडवी टाकून तिला कॅमेरा आवळता येतो. ट्रायपॉडला मागे वजन बांधा, नाहीतर कॅमेरा अल्बमवर कोसळेल.

कॅमेरा पानाला समांतर आहे का, हे स्पिरिट लेव्हलनं कळतं, पण आरशानं जास्त चांगलं कळतं. पानाच्या मधोमध छोटा सपाट आरसा ठेवा आणि स्क्रीनवर बघा. आरशात तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसेल. ते चौकटीच्या बरोबर मध्यभागी आलं की कॅमेरा समांतर. एका बाजूला सरकलेलं दिसलं तर त्या प्रमाणात कॅमेरा तिरका आहे. पहिल्यांदा करताना मला अर्धा तास लागला, आता दोन मिनिटं लागतात.

दिवे दोन, एकाच जातीचे, पानाच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर, पानाशी ४५ अंशांत. चकचकीत फोटोंना त्याहून थोडे खाली. डोक्यावरची ट्यूब आणि खिडकीचा उजेड बंद, कारण दोन रंगांचा उजेड मिसळला की एक कड पिवळी आणि एक निळी पडते आणि ती नंतर सुधारत नाही. उजेड सारखा पडलाय का हे बघायला पानाच्या मध्यावर पेन्सिल उभी धरा. दोन सावल्या पडतील. दोन्ही सारख्या लांब, सारख्या गडद असल्या की जमलं. स्वस्त एलईडी दिवे डोळ्याला न दिसणारी लुकलुक करतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवलं की ते सहसा जातात. कॅमेरा पक्का असल्यावर अर्धा सेकंदही चालतो.

ज्यांच्याकडे दिवे नाहीत त्यांनी उत्तरेच्या खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करून काम भागवावं. निकाल वाईट येत नाही, फक्त दुपार सरकते तसा उजेड बदलतो.

टिपताना

कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, झरोका (ॲपर्चर) एफ ८, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेली मूळ नोंद), आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असा टायमर. उघडीप (एक्स्पोजर) स्वयंचलित ठेवू नका. काळं पान दिसलं की कॅमेऱ्याला अंधार आहे असं वाटतं आणि तो पान राखाडी करून चेहरे पार पांढरे करतो. सुरुवातीला पानाच्या जागी करडं कार्ड (ग्रे कार्ड) ठेवून उघडीप आणि पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) ठरवा, मग अल्बम संपेपर्यंत बदलू नका. पहिल्या चित्रात ते कार्ड आणि शेजारी मोजपट्टी येऊ द्या. पुढे रंग आणि माप दोन्हींचा पुरावा राहतो.

क्रम असा ठेवा: बाहेरचं मुखपृष्ठ, आतली बाजू, मग प्रत्येक पान. रिकामी पानंसुद्धा. जाळीचा पातळ कागद पानावर असताना एखादं चित्र घ्या, मग तो उलटून पानाचं. चिकटवहीत घडी घातलेलं काही असेल तर आधी बंद अवस्थेतलं अख्खं पान, मग घडी उलगडून, मग पाकीट असेल तर आतलं पत्र. एका पानाची पाच चित्रं होतात, होऊ द्या. कात्रणाची घडी ठिसूळ असेल तर उलगडायचा मोह आवरा. वर्तमानपत्राचा कागद मुळातच आम्लधर्मी, पन्नास वर्षांनी पापडासारखा मोडतो.

पान फुगत असेल तर वर काच ठेवता येते. फ्रेमवाल्याकडून ५ मिलिमीटरची, कडा घासलेली काच घ्या. १८ बाय २४ इंचाची काच साडेतीन किलोच्या आसपास भरते, म्हणून ठेवताना दोन माणसं असावीत. पण फोटो वाकलेले, पापुद्रे सुटलेले किंवा जरा जरी दमट असतील तर काच नको. काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं, त्यावर उपाय म्हणजे काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून कॅमेऱ्यासमोर ताणणं.

चिकट पानांच्या अल्बमची गोष्ट वेगळी. प्लास्टिक बाहेरच्या कोपऱ्यातून, पानाशी जवळजवळ समांतर धरून, सावकाश उचलून बघा. सहज सुटलं तर ते उलटून पान टिपा आणि प्लास्टिक परत बसवा. अडलं तर थांबा आणि प्लास्टिकवरूनच टिपा. मी एकदा घाई केली आणि माझ्या मुंजीच्या फोटोतल्या मामांचा अर्धा चेहरा प्लास्टिकबरोबर आला. फोटो पानाला चिकटला असेल तर ओढायचा नाहीच. सोडवणं अगदी अटळ असेल तर दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवतात, पण हे काम आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या फोटोवर करून बघा.

प्लास्टिकची किंवा जुन्या कृष्णधवल फोटोंच्या कडेला येणारी चंदेरी निळसर झाक दिव्यांची जागा बदलूनही जात नसेल, तर दिव्यांवर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून तो फिरवा. एका टप्प्यावर चकाकी अशी नाहीशी होते की आपणच चकित होतो. खर्चिक आहे, त्यामुळे एकाच अल्बमसाठी मी सुचवणार नाही.

फक्त फोनच असेल तर? चालेल. फोन स्टँडवर पक्का करा, रुंद लेन्सऐवजी दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, चेहरे गोरे करणारे सगळे पर्याय बंद. गूगलचं फोटोस्कॅन एकेका फोटोची चकाकी छान घालवतं, पण ते सुट्या फोटोसाठी आहे. पानासाठी साधा कॅमेराच उघडा.

आवाजही टिपा

हा भाग तंत्राच्या लेखांत नसतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. पानं टिपून झाली की ती मोठ्या पडद्यावर लावा, घरातल्या थोरांना समोर बसवा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. “आत्या, ह्या कोण गं, नथ घातलेल्या?” एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. प्रत्येक पानाला सुरुवातीला पान क्रमांक मोठ्यानं बोला, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवता येतं. आत्यानं पान १४वर सांगितलेल्या गोष्टीनं आमच्या घरातला एक चाळीस वर्षांचा रुसवा कशावरून होता ते कळलं. ते रेकॉर्डिंग मी घरच्या ग्रुपवर टाकलेलं नाही, आणि टाकणारही नाही. अल्बममधलं काय कुणाला दाखवायचं हे त्यातल्या हयात माणसांना विचारून ठरवावं.

फाइली, नावं, प्रती

रॉ फाइली डार्कटेबल किंवा रॉथेरपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पान सरळ करा आणि कातरताना चारही बाजूंना पानाची कड दिसेल एवढी जागा ठेवा. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलीत, साठवा. २४ मेगापिक्सेलची एक टिफ सुमारे ७२ एमबी होते, म्हणजे ६० पानांचा अल्बम साडेचार जीबीच्या आत. वाटायला जेपेग, आणि वडीलधाऱ्यांना टॅबवर चाळायला सगळ्या पानांची एक पीडीएफ.

सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस झालेले असतात, कारण त्यांतला निळा-हिरवा रंग आधी उडतो. ते सुधारायला हरकत नाही, पण वेगळ्या प्रतीत. चेहरे ‘स्पष्ट’ करणारी एआयची ॲप्स तर मूळ प्रतीपासून दूरच ठेवा. ती डोळे-नाक स्वतःच्या कल्पनेनं भरतात. आमच्या पणजीला एका ॲपनं परकीच बाई करून टाकलं होतं.

फाइलींची नावं अल्बम, पान, तुकडा या क्रमानं द्या, आणि पान क्रमांक तीन आकडी ठेवा: ००१, ००२. नाहीतर पान १० हे पान २च्या आधी येऊन बसतं. नाव रोमन अक्षरांत द्यावं, जुन्या यंत्रांवर देवनागरी नावांचे चौकोन होतात. माणसांची नावं, गाव, प्रसंग मात्र फाइलच्या आत, वर्णनाच्या रकान्यात, मराठीत लिहा. डिजिकॅम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं.

प्रती तीन: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली चित्रं आक्रसतात, त्यामुळे ती प्रत धरू नका. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर्षातून एकदा डिस्क लावून दहा-बारा फाइली उघडून बघा.

अल्बम परत कपाटात

डिजिटल झालं म्हणून अल्बम टाकायचा नसतो. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधून टिकले, पोथ्या बासनात. तीच पद्धत इथेही चालते, फक्त लाल कापड नको, दमट हवेत त्याचा रंग उतरतो. कोरं मांजरपाट घ्या, खळ निघेपर्यंत दोनदा धुवा, वाळवा आणि त्यात अल्बम गुंडाळून आडवा ठेवा. उभा ठेवला की पानांचं वजन बांधणीवर येतं. भिंतीला टेकलेलं कपाट आणि पोटमाळा टाळा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला बाधते. कसर लागू नये म्हणून सहा महिन्यांनी उघडून पानं उलटली तरी पुष्कळ होतं.

आणि दोरी. पानं क्रमानं लावून झाली, चिठ्ठ्या काढल्या, भोकं जुळवली, की पहिल्या दिवशी काढलेला गाठीचा फोटो समोर ठेवा. आमच्याकडे तो बघूनही दोनदा चुकलं, गोंडा मागच्या बाजूला गेला. शेवटी आत्यानंच चष्मा लावून बांधली.